नेतृत्व शिकायला पोरं बाहेर जातात, पण आपली स्वतःची शाळा कुठे गेली?

एप्रिल उजाडला की आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, कुरखेडा या पट्ट्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या मोबाईलवर शिबिरांच्या जाहिराती फिरू लागतात. 'युवा नेतृत्व विकास', 'कलेतून परिवर्तन', 'सात दिवसांचे निवासी शिबिर', 'निवड झालेल्यांचा खर्च संस्था करेल'. शिबिर कधी पुण्यात असते, कधी मुंबईत, कधी नागपूरला. अर्ज भरायचा, स्वतःविषयी बोलून छोटा व्हिडिओ पाठवायचा आणि यादीत नाव येण्याची वाट पाहायची. आमच्याकडेही काही पोरं विचारायला येतात, जाऊ का म्हणून.

आम्ही प्रत्येकाला 'जा' म्हणतो. शिकायला बाहेर निघालेल्या पोराला आंबेडकरी माणसाने 'नको' म्हणणे म्हणजे आपल्याच इतिहासावर बोळा फिरवणे होय. पण शिबिरातून परतलेल्या पोरांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते: "आपल्या समाजात असं काही नव्हतंच." तरुणांना घरापासून दूर एकत्र ठेवायचे, त्यांना बोलायला, लिहायला, गायला, नाटक करायला शिकवायचे आणि त्यातून कार्यकर्ता घडवायचा, ही सगळी कल्पना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत संस्थांनी आणि फाउंडेशनांनी आणली, असा त्यांचा समज होतो.

हा समज खोटा आहे, आणि तो महागात पडणारा आहे. ज्याला वाटते की आपल्याला हे पहिल्यांदाच कुणी तरी दिले, तो देणाऱ्याचा ऋणी होतो. ज्याला माहीत असते की हे आपल्या आजा-पणज्यांनी उपाशी राहून उभे केले होते, तो हिशेब विचारतो. म्हणून हा इतिहास पोरांनी बॅग भरण्याआधी वाचावा, असे आम्हाला वाटते.

बोर्डिंग हीच पहिली शिबिरे

सुरुवात फुल्यांपासून करावी लागते. जोतीरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. शाळा काढणाऱ्या माणसाला नाटक का लिहावेसे वाटले, याचे उत्तर सोपे आहे. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत विचार न्यायचा तर तो कुणी तरी बोलून, करून दाखवला पाहिजे. त्याच १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. आज ज्याला 'तरुणांचा आवाज' म्हणतात तो आवाज महाराष्ट्रात एका अस्पृश्य मुलीने तेव्हाच लावला होता. तिने कुणाच्या निवड समितीपुढे व्हिडिओ पाठवला नव्हता.

पुढे शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ चे. नागपूरच्या चोखामेळा वसतिगृहाने विदर्भातल्या कित्येक घरांतला पहिला शिकलेला माणूस तयार केला. वसतिगृह म्हटले की आपल्याला खाट, डाळभात आणि रेक्टर आठवतो. पण त्या काळात वसतिगृह म्हणजे गावाच्या जातीव्यवस्थेतून काही वर्षांची सुटका होती. गावात ज्या मुलाला पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना मान खाली घालावी लागे, तो बोर्डिंगात मान वर करून वर्तमानपत्र वाचायचा. समाजशास्त्रात याला आम्ही सामाजिकीकरण म्हणतो. साध्या भाषेत, भीती घालवण्याची जागा.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच जानेवारीत, १९२५ मध्ये, सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झाले. सभेच्या प्रयत्नांतून विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' नावाचे मासिक निघाले, सोलापूरला मोफत वाचनालय उघडले, मुंबईत महार तरुणांचा हॉकी क्लब निघाला. जरा थांबून पाहा. निवास, वाचन, लेखन, खेळ. आजच्या कुठल्याही निवासी युवा कार्यक्रमाच्या माहितीपत्रकात यापेक्षा वेगळे काय असते? फरक एवढाच की सात दिवसांनी प्रमाणपत्र देऊन कुणाला घरी धाडले जात नव्हते.

१९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात समता सैनिक दल उभे राहिले. गणवेश, कवायत, सभेचा बंदोबस्त, मोर्चात स्त्रियांचे आणि मुलांचे रक्षण. नेतृत्वाचा पहिला धडा भाषण नसून शिस्त आहे, हे दलाने शिकवले. आमच्या विदर्भाला हे परके नव्हते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय तिथे झाला. २० जुलैला त्याच ठिकाणी महिलांची परिषद झाली, अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. समता सैनिक दलाची परिषदही त्याच दिवशी. स्त्रियांची आणि सैनिकांची परिषद एका मांडवात घेणारी चळवळ 'युवती सक्षमीकरण' हा शब्द जन्माला येण्याआधीची आहे.

डफावरची पाठशाळा

आता कलेकडे येऊ. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आत भटभिक्षुकीविरुद्धचा मजकूर भरला. आंबेडकरी जलसा त्याच्या पुढची पायरी. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी १९३१ च्या सुमारास जलसा उभा केला आणि मग जागोजागी जलसे निघाले. विषय काय होते? मेलेल्या जनावराचे मांस सोडा, पोरांना शाळेत घाला, सावकाराच्या वहीवर अंगठा देण्याआधी ती वाचून घ्या, देवीच्या नावाने मुली सोडू नका. गाणारे कोण होते? गिरणीत राबणारे, गोदीत ओझी वाहणारे, गावात येसकरकी करणाऱ्यांची पोरं. दिवसा काम, रात्री तालीम, सुटीच्या दिवशी गावोगाव खेळ.

या जलशांत माणसे कशी घडली ते वामनदादा कर्डकांवरून पाहावे. १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. पोट भरायला मुंबईत आले, अक्षरओळख मोठेपणी झाली, आणि पुढे २००४ मध्ये जाईपर्यंत हा माणूस गावोगाव हिंडून भीमगीते गात राहिला. आरमोरीच्या कुठल्याही विहारात १४ एप्रिलला लाउडस्पीकर लागतो तेव्हा वामनदादांचे गाणे वाजल्याशिवाय राहत नाही. हा माणूस घरापासून दूर गेला, तिथे शिकला आणि शिकलेले सगळे घेऊन परत गावागावांत आला. 'कलेतून नेतृत्व' याची याहून चांगली व्याख्या आम्हाला सापडलेली नाही.

इतरांनीही हे ओळखले होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ च्या सुमाराचे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुल्यांसारखा नट घडला. म्हणजे महाराष्ट्रात ज्याला ज्याला समाज हलवायचा होता त्याने त्याने तरुणांचे कलापथक काढले. ज्या समाजाकडे ना छापखाने होते ना सभागृहे, त्याच्यासाठी तर डफ हेच वर्तमानपत्र होते आणि रस्ता हेच सभागृह.

मिलिंद, युगयात्रा आणि राजकारणाची शाळा

१९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादेत आज मिलिंद म्हणून ओळखले जाणारे महाविद्यालय. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची संसद भरत असे. ठराव मांडणे, विरोधी बाजू सांभाळणे, वेळेत बोलणे हे पोरं तिथे शिकायची, आणि बाबासाहेब स्वतः त्या संसदेपुढे बोलले होते. मिलिंदमध्ये प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते बसवले. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोरांनी आपल्याच समाजाची युगायुगांची वाट रंगमंचावर उभी केली. साठच्या दशकाच्या शेवटी याच मिलिंदच्या परिसरातून 'अस्मिता' आणि पुढे 'अस्मितादर्श' निघाले आणि दलित साहित्याला घर मिळाले. एका महाविद्यालयाने नट, कवी, प्राध्यापक आणि पँथरचे कार्यकर्ते असे सगळेच दिले, कारण तिथे कला आणि राजकारण अशा दोन वेगळ्या खोल्या नव्हत्या.

सर्वात महत्त्वाचा पण सर्वात विसरला गेलेला प्रयोग १९५६ चा. बाबासाहेब १९५२ ची मुंबईतली लोकसभा निवडणूक हरले होते. १९५४ ला आमच्या शेजारच्या भंडाऱ्यातली पोटनिवडणूकही हरले. त्यानंतर, १ जुलै १९५६ ला, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. कामकाज पाहायला शां. शं. रेगे होते. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी. कायदेमंडळात बसायचे तर कायदा, अर्थव्यवहार, संसदेची रीत आणि वक्तृत्व शिकूनच बसले पाहिजे, हा त्यामागचा विचार. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि १९५७ च्या मार्चमध्ये शाळा बंद पडली.

पंधरा विद्यार्थी आणि जेमतेम नऊ महिने. आम्हाला या आकड्यांची खंत वाटते. बाबासाहेबांच्या नावाने पुतळे झाले, चौक झाले, विद्यापीठाचा नामांतर लढा झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्यांनी शेवटच्या वर्षात, आजारी शरीराने, जी शाळा काढली ती पुन्हा तशीच उभी करावी असे आपल्या एकाही गटाला मनापासून वाटले नाही. गट मात्र वाढत गेले. प्रत्येक गटाला उमेदवार हवा होता, विद्यार्थी कुणालाच नको होता. ती रिकामी जागा मग दुसऱ्यांनी भरली. आज आपली पोरं ज्या शिबिरांना जातात ती त्या रिकाम्या जागेवर उभी आहेत.

झाडीतले आपण

आता आमच्या मुलखाकडे येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेब चांद्याला आले. त्यांना इथे आणण्यात पुढाकार होता बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा. हा चांद्याचा तरुण लंडनहून बॅरिस्टर होऊन आला, तेव्हा तिशीतच होता, आणि पुढे राज्यसभेचा उपसभापती झाला. बाहेर जाऊन शिकलेल्या माणसाने परत येऊन आपल्या जंगली जिल्ह्यात इतिहास घडवला याचे हे घरचे उदाहरण. आरमोरीच्या पोरांना राजाभाऊंचे नाव कुठल्या शिबिरात सांगितले जाते? आणि खरे तर आपल्या विहारात तरी किती वेळा सांगितले जाते?

आमच्या झाडीला कलेचीही शाळा आहे. दिवाळीची भाऊबीज झाली की मंडई, शंकरपट आणि रात्रभर चालणारी नाटके सुरू होतात ती होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटक कंपन्यांचे बाजारपेठेचे गाव. गावातली पोरं मंडळ काढतात, कंपनी ठरवतात, तिकिटे लावतात, मांडव घालतात. सरकारी अनुदानाची वाट न पाहता कोट्यवधींची उलाढाल करणारी ही रंगभूमी धान पिकवणाऱ्या माणसाच्या खिशावर उभी आहे. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांना झाडीपट्टी कळली. त्याआधी दंडार आणि खडी गंमत ही आमची रात्रशाळाच होती.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिंपळगावचे प्रेमानंद गज्वी मुंबईत गेले, 'घोटभर पाणी' आणि 'किरवंत'सारखी नाटके लिहिली, आणि २०१९ ला नागपूरच्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी बोधी नाट्य परिषदेमार्फत नव्या लेखकांसाठी नाट्यलेखन कार्यशाळा घेतल्या. पाहा, परंपरा तुटलेली नाही. फक्त ती आपल्या पोरांच्या मोबाईलपर्यंत पोहोचत नाही.

झाडीतला दुसरा धडा आदिवासी बांधवांकडून घ्यावा. माडिया-गोंडांचे गोटूल ही तरुणांची संस्था. गाणे, नाच, गावाची कामे, मोठ्यांचे ऐकणे आणि मोठ्यांना विचारणे, हे सगळे तिथे शिकायचे. ऐंशीच्या दशकात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या लोकांनी आपले गोटूल पुन्हा बांधले, वनखात्याने ते पाडले आणि लोकांनी ते पुन्हा उभे केले. त्याच गावाने अभ्यासगट चालवला, निर्णय सर्वसहमतीने घ्यायची शिस्त लावली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. नेतृत्वाचे शिबिर आपल्या गावातच, आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नावर भरवता येते याचा पुरावा आरमोरीहून काही तासांच्या अंतरावर आहे.

मग आजच्या शिबिरांचे काय?

ती सगळी वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. पोरगी पहिल्यांदा एकटी रेल्वेत बसते, अनोळखी मुलींसोबत राहते, माईक हातात घेते, ही लहान गोष्ट नाही. आमच्या भागात मुलीला बाहेर पाठवायचे म्हटले की आधी आई हो म्हणते, मग बाप गप्प बसतो, मग काका विचारतो, 'कशाला?' त्या काकाला उत्तर देऊन निघालेली मुलगी शिबिराला पोहोचण्याआधीच अर्धे नेतृत्व शिकलेली असते. पण या कार्यक्रमांची रचना तपासल्याशिवाय टाळ्या वाजवणे आम्हाला जमत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. बहुतेक शिबिरे मे महिन्यात असतात, कारण शहरातल्या कॉलेजांना तेव्हा सुटी असते. आमच्याकडे मे महिना तेंदूपत्त्याचा. पहाटे जंगलात जाऊन पाने तोडायची, घरी येऊन पुडके बांधायचे आणि संध्याकाळी फडीवर मोजून द्यायचे. वर्षभरात रोख पैसा हातात येतो तो याच दिवसांत. ज्या घरातला पोरगा मे महिन्यातले सात दिवस रिकामा राहू शकतो, त्या घरातलाच पोरगा शिबिराला जातो. म्हणजे निवड समितीने नाव वाचायच्या आधीच हंगामाने निवड केलेली असते. खर्च संस्था करते हे खरे, पण बुडालेली मजुरी कोण भरून देतो?

दुसरी गोष्ट ओळखीची. आमच्या ओळखीतल्या एका बौद्ध मुलीला शहरातल्या अशाच एका शिबिरात समारोपाच्या कार्यक्रमात 'तुमचे आदिवासी नृत्य' करायला सांगितले. मी आदिवासी नाही, असे तिने सांगितले तर उत्तर आले, 'गडचिरोलीचीच ना तू?' तिला भीमगीते येत होती, दंडारीतली सोंगे येत होती, पण ती कुणी विचारली नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ आहे. त्यात अनुसूचित जमाती सुमारे ३९ टक्के आणि अनुसूचित जाती सुमारे ११ टक्के. म्हणजे निम्म्या जिल्ह्याला प्रत्येकी वेगळा इतिहास आहे. तो एका मोरपिसाच्या टोपीत कोंबणे हा दोघांचाही अपमान आहे. गोंडांचे नृत्य म्हणजे पाहुण्यांच्या करमणुकीचा खेळ नाही आणि बौद्धांचा आवाज म्हणजे रिकामी जागा नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. झाडीबोलीत 'पाणी'चे 'पानी' होते. शिबिरात पहिल्याच दिवशी यावर हसू फुटते आणि तिथून पुढे पोरगा तोंड उघडत नाही. मग त्याच्या नावापुढे 'आत्मविश्वास कमी' असे लिहिले जाते. आत्मविश्वास कमी नव्हता, ऐकणाऱ्याचे कान कमी पडले. ज्या बोलीत रात्रभर नाटक उभे राहते आणि हजारो माणसे थंडीत घोंगडी पांघरून ते पाहतात, ती बोली कमी कशी?

चौथी गोष्ट दिशेची, आणि ही आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत शहरांतले तरुण शिबिरांना येतात. सोमनाथची श्रमसंस्कार छावणी अनेक दशकांपासून आहे, गडचिरोलीजवळ शोधग्राममध्ये 'निर्माण'ची शिबिरे २००६ पासून होतात. शहरी तरुण इथे येऊन आयुष्याचा अर्थ शोधतात, त्यातले काही पुढे खरोखर चांगले काम करतात, त्याचा आम्हाला आदर आहे. पण चित्र पाहा. शहरातला पोरगा अर्थ शोधायला गडचिरोलीला येतो आणि गडचिरोलीचा पोरगा आत्मविश्वास शोधायला पुण्याला जातो. एकासाठी आमचे गाव म्हणजे प्रयोगशाळा, दुसऱ्यासाठी तेच गाव म्हणजे सोडून जायची जागा. या दोन रांगा एकमेकींना ओलांडून जातात, पण समोरासमोर बसत नाहीत. हा कुण्या एका संस्थेचा दोष नाही. ज्ञान कुठे असते आणि अज्ञान कुठे, याविषयीच्या जुन्या ब्राह्मणी समजाची ही नवी आवृत्ती आहे.

इतिहास कोणते प्रश्न विचारायला शिकवतो?

बाबासाहेब १९१३ मध्ये अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीबरोबर करार होता, परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची. १९१७ मध्ये ते बडोद्याला हजर झाले आणि तिथे त्यांना राहायला घरही मिळाले नाही. करार पाळायला गेलेल्या विद्वानाला समाजाने हाकलले. पण बाबासाहेबांनी त्याहून मोठा, न लिहिलेला करार पाळला, तो आपल्या समाजाशी होता. सोलापूरचे बोर्डिंग, सिद्धार्थ, मिलिंद, राजकारणाची शाळा हे सगळे त्या कराराचे हप्ते होते.

म्हणून शिबिराला निघालेल्या पोरापोरींनी स्वतःला आणि आयोजकांना काही प्रश्न विचारावेत. मला निवडले कुणी आणि कशासाठी? माझ्या गावाने निवडले असते तर मलाच निवडले असते का? पैसा कुणाचा आहे आणि तो देणाऱ्याला माझ्याकडून काय हवे आहे, माझे काम की माझा फोटो? तिथे जात हा शब्द उच्चारता येतो का, की 'आपण सगळे माणसे' म्हणून तो दाबला जातो? आणि परत आल्यावर मी जे शिकलो ते कुणापुढे मांडणार? भीमरावांच्या जलशातला गडी गावात खेळ करून शिकलेले परत देत होता. सात दिवसांचे शिबिर करून आलेला पोरगा स्टेटस ठेवून मोकळा होत असेल तर शिबिराचा उपयोग फक्त त्याच्या बायोडेटाला झाला.

आपले काम

शिबिरांवर टीका करून आपण सुटत नाही. रिकामी जागा आपली आहे, ती आपणच भरली पाहिजे. त्यासाठी कोटींचे अनुदान लागत नाही, झाडीपट्टीने ते सिद्ध केले आहे.

आरमोरीत, वडशात, ब्रह्मपुरीत जागोजागी विहार आहेत. वर्षातले काही सणवार सोडले तर बहुतेक विहार संध्याकाळी बंद असतात. तिथे वाचनगट सुरू करता येतो. धान कापून झाल्यावर, नाटकांच्या हंगामात, म्हणजे पोरांच्या हाताला मे महिन्यासारखे काम नसताना, आपले निवासी शिबिर घेता येते. सकाळी कायदा आणि इतिहास, दुपारी लेखन, रात्री दंडार आणि जलसा. शिकवायला लांबून कुणाला बोलवायची गरज नाही. रात्रभर सोंग घेणारा नट बोलायला शिकवेल, ग्रामसभेत भांडलेली बाई ठराव लिहायला शिकवेल, निवृत्त मास्तर संविधान वाचून घेईल. शेजारच्या गोंड, ढिवर, कुणबी पोरांनाही बोलवावे, कारण जंगल आणि नदी सगळ्यांची आहे.

अभ्यासक्रमात काय असावे? एक उदाहरण देतो. पेसा कायदा १९९६ चा, वनहक्क कायदा २००६ चा. वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा जमिनीचा ताबा दाखवावा लागतो. पण बौद्ध, ढिवर किंवा इतर समाजातला वनवासी असेल तर त्याला त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथे राहून जंगलावर जगल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या माणसाच्या आजाला शाळेत घेतले नाही, ज्याच्या पणज्याचे नाव कुठल्या सातबाऱ्यावर येऊ दिले नाही, त्याने पंचाहत्तर वर्षांचा कागद कुठून आणायचा? कायद्याच्या नियमांत गावातल्या वृद्धांचे कथन पुरावा म्हणून चालते, हे किती पोरांना माहीत आहे? म्हाताऱ्यांच्या तोंडून ते कथन नीट काढून घेणे, लिहिणे, ग्रामसभेत वाचून दाखवणे, हे नेतृत्वाचे काम आहे आणि कलेचेही. त्याच कथनातून उद्या नाटक उभे राहील. कला आणि नेतृत्व एकत्र शिकवायचे म्हणजे काय, ते यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. उद्या आरमोरीला गाडी थांबेल आणि पोरांना बाहेर जाणे आणखी सोपे होईल. जावे, जरूर जावे. पुणे पाहावे, मुंबई पाहावी, जमले तर लंडन पाहावे, राजाभाऊंनी पाहिले होते. पण जाताना सोबत मुक्ता साळवेचा निबंध, भीमराव कर्डकांचा जलसा आणि त्या पंधरा विद्यार्थ्यांची अर्धवट राहिलेली शाळा यांची आठवण असावी. तिथे कुणी विचारले, 'तुमच्याकडे असे काही होते का?' तर मान खाली घालू नये. होते म्हणावे, कधीपासून होते ते सालासकट सांगावे, आणि परत येऊन ते पुन्हा सुरू करावे. सोळावा विद्यार्थी कुणी तरी व्हायलाच पाहिजे.

जय भीम!